अर्धं डोकं कंपनीचं

६ जानेवारी, मंगळवार

बारकूला त्याच्या कारखान्यातून नव्या वर्षाची डायरी मिळाली. तो धाग्याच्या मशीनवर आहे. म्हणाला, "मी यात काय लिहू? धागा तुटला, धागा जोडला? तूच घे झुंबर." घेतली. नवऱ्याने आपण होऊन दिलेली वस्तू परत करायची नसते, एवढी अक्कल लग्नानंतर मला आली आहे.

लिहायला कारणही आहे. आज कंपनीने मला पॅनलवर घेतलं. सायली गावातल्या आमच्या कंपनीत शॅम्पू बनतो, आणि नवा शॅम्पू बाजारात काढण्याआधी तो आमच्यासारख्या बायांच्या डोक्यावर लावून बघतात. मधोमध भांग पाडायचा. उजव्या अर्ध्या डोक्याला जुना शॅम्पू, डाव्या अर्ध्याला नवा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी लॅबच्या शीतल मॅडम हातमोजे घालून स्वतः धुतात. आधी केस बघून कागदावर शेरा लिहितात, मग धुतात, मग आम्ही टोपी घालून पॅकिंगला परत. घरी डोक्याला काही लावायचं नाही. तेल नाही, साबण नाही. होळीपर्यंत असंच.

लॅबचे मोठे साहेब रमाकांत सर म्हणाले, जिचे केस सगळ्यात चांगले निघतील तिला लॅबमध्ये कायमचं घेऊ. तिथे पंखा आहे, बसायला खुर्ची आहे. पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभं राहून माझ्या पोटऱ्यांचे दगड झालेत. मला ती खुर्ची पाहिजे. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, पाहिजेच.

आमच्या अथालच्या चाळीतली गुड्डी पण आहे पॅनलवर, आणि चंदा. गुड्डी शेजारच्या खोलीत राहते, भावाबरोबर. नवापूरकडची पोर, लग्न ठरायचंय. मला म्हणाली, "दीदी, अपना तो फुकट में ब्यूटी पार्लर हो गया ना!"

९ जानेवारी, शुक्रवार

फुकट ब्यूटी पार्लर कसलं! सकाळी धुतलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत डावी बाजू भाजल्यासारखी जळायला लागली. न्हाणीघरात टोपी काढून आरशात पाहिलं. भांगाच्या डावीकडे लालभडक, उजवीकडे काही नाही.

सरळ लॅबमध्ये गेले. शीतल मॅडमनी भांग बघितला. मग सरांकडे बघितलं. सर खुर्चीतूनच म्हणाले, "तुमच्या चाळीतलं बोअरचं पाणी खारं असतं. त्याने होतं असं."

मी म्हटलं, "सर, पाणी काय डावीकडूनच पडतं का?"

सर हसले. "बहुत बोलती है ये." आणि मॅडमनी कागदावर 'ठीक' लिहिलं.

डोकं माझं, जळतंय मला, आणि ठीक कागदाला. संध्याकाळी रागातच स्वयंपाक केला. बारकूने विचारलं भाजीत मीठ का नाही. मी म्हटलं, "भाजी ठीक आहे."

१३ जानेवारी, भोगी

आज मोठी गंमत झाली. पहाटे सासूबाईंनी तिळाची वाटी पुढे ठेवली. भोगीला तीळ लावून डोक्यावरून न्हायचं, हे त्यांनी शहाद्याजवळच्या गावात जन्मभर केलंय. मी म्हटलं, आक्का, कंपनीची मनाई आहे. तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सणना दिन डोकं कोरडं ठेवशी? कंपनीले इचारीसन न्हाशी का आते?"

त्यांचं बरोबर होतं. पण खुर्चीही डोळ्यांसमोर होती. मग माझं मीच ठरवलं. उजवी बाजू कंपनीची आहे, तिने माझं काही वाईट केलं नाही, तिला हात लावायचा नाही. डावी बाजू मात्र कंपनीने भाजली, तेव्हा ती आता माझी. उजवा शेपटा गुंडाळून त्यावर साखरेची रिकामी पिशवी घट्ट बांधली आणि डाव्या अर्ध्याच डोक्याने भोगी केली. आक्का पदराने तोंड झाकून इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. पण जळजळ थांबली. एका न्हाण्यात!

लॅबमध्ये गेले तेव्हा शीतल मॅडमनी डावा शेपटा हातात घेतला. "अरे वा, आज मऊ आहे." वास घेऊन बघितला. "तेल लावलंत?"

"नाही मॅडम." खोटं कुठे बोलले? तीळ होते ते.

२२ जानेवारी, गुरुवार

रोज तीळ कुठून आणू? म्हणून धुण्याचे इतर प्रकार करून पाहिले. बेसन लावलं, ते वाळून असं चिकटलं की डाव्या कानावर भजी तळायची राहिली होती. ताक लावलं तर बारकू रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला. म्हटलं, झोप. मला तुझ्या धाग्याच्या मशीनच्या तेलाचा वास इतकी वर्षं कसा लागत असेल, याचा विचार कर.

मग बारकूच बाजारातून रिठे आणि शिकेकाई घेऊन आला. गुजराती दुकानदार रिठ्यांना अरीठा म्हणतो. रिठे आणि शिकेकाई रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून, बिया काढून, कुस्करून गाळायचं. पाणी काळं होतं आणि दिसायला घाण दिसतं, पण फेस झकास. डोळ्यात गेलं तर आई आठवते, तेवढं सांभाळायचं. वर कोरफडीचा गर.

आता नेम असा. कंपनीत मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी त्यांचं न्हाणं, त्याच संध्याकाळी घरी माझं. उजवी बाजू प्रत्येक वेळी पिशवीत. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा. सरांनी माझ्या डोक्याला 'ठीक' लिहायला लावलं ना? मग मी खरंच ठीक करून दाखवते.

गुड्डीला सांगावंसं वाटलं होतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, आणि खुर्ची एकच आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

आज रमाकांत सर स्वतः खुर्चीतून उठून आले. माझी डावी बाजू उजेडात धरून म्हणाले, "शीतल, हे बघ. हा आपला नवा माल! जुन्यापेक्षा कितीतरी सरस." आणि खरंच, डावा शेपटा उजव्यापेक्षा चमकत होता. मला आतून गुदगुल्या झाल्या. ज्याने माझं ऐकलं नाही, तो माझ्या केसांना हात लावून वा वा करतोय!

चंदा आणि गुड्डी शेजारीच बसल्या होत्या. सर त्यांना म्हणाले, "सेम शॅम्पू, सेम पाणी. झुंबरकडून शिका जरा."

घरी येताना गुड्डी गाडीत माझ्याशेजारी बसली नाही. पुढे जाऊन बसली. जळतात लोक. चार चांगले शब्द माझ्या वाट्याला आले तर इतकं काय?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंबईहून पार्टी येणार आहे. पार्टी म्हणजे ज्यांच्या नावाने हा शॅम्पू बाजारात जाईल ते लोक. माझे केस मोकळे सोडून फोटो काढणार आणि तो दाखवून माल पास करून घेणार. सर म्हणाले, पास झाला की दुसऱ्या दिवशी खुर्ची तुझी.

बारकू म्हणाला, आता काय आम्ही तुला मॅडम म्हणायचं का? म्हटलं, म्हणून बघ, शोभेल.

गुड्डी अजून बोलत नाही. डोक्याला ओढणी गुंडाळून हिंडते, घरातसुद्धा. नखरे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गुड्डीला पॅनलवरून काढलं. सगळ्यांसमोर. सरांनी तिची ओढणी काढायला लावली, आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं. डावीकडे कानाच्या वर खपल्या, आणि हाताच्या पंजाएवढी जागा विरळ. केस धरला की हातात येतो. सर म्हणाले, "ही तुझी अस्वच्छता आहे. डोकं साफ ठेवत नाहीस. शॅम्पूचा दोष असता तर झुंबरच्या डोक्यावर दिसला नसता?"

गुड्डी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

संध्याकाळी तिच्या दारात गेले. ती आतूनच ओरडली, "जा ना दीदी! तेरे बाल देख के सबने मेरेको झूठा बोला. मी बोलले जलन होते, तर बोलतात झुंबरला नाही होत. माझ्या भावाला पण आता तेच वाटतं, की मी गंदी आहे. बघायला येणार आहेत मला पुढच्या महिन्यात, माहितीये ना तुला?"

दार उघडलं नाही तिने.

११ फेब्रुवारी, बुधवार

झोप लागली नाही. मी किती मूर्ख! मला वाटत होतं मी सरांच्या नाकावर टिच्चून करतेय. मी तर त्यांचंच काम करत होते. माझी डावी बाजू जितकी चमकली तितक्या माझ्याबरोबरच्या बाया खोट्या पडल्या. सरांना साक्षीदार पाहिजे होता, तो मी रिठे उकळून उकळून तयार करून दिला.

आणि पिशवी! उजवी बाजू पिशवीत बांधताना मला स्वतःच्या इमानदारीचं काय कौतुक वाटत होतं. उजवी धुतली असती तर निदान दोन्हीकडे सारखे दिसले असते.

रडले. मग रडून काय होणार म्हणून भांडी घासली. आक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आते जाय नि सांग ना. घरमा बशी कोनले सांगस?"

हा माल पास झाला तर पाच-पाच मिलीच्या पुड्यांत गावोगाव जाईल. माझी बहीण शहाद्याला तीच पुडी फाडून पोरींची डोकी धुते. नाही, हे मी होऊ देणार नाही. खुर्ची गेली चुलीत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. लॅबमध्ये उभं राहून, सरांच्या तोंडावर. रिठे, शिकेकाई, कोरफड, पिशवी, सगळं.

सरांनी विश्वासच ठेवला नाही! मी थक्क झाले. इतके दिवस खरं बोलले तेव्हा खोटं, आणि आता चोरी सांगतेय तर तीही खोटी. म्हणाले, "रिठ्याने असे केस होत असते तर ही कंपनी कुणी काढली असती? मैत्रिणीसाठी नाटक करू नकोस." मग आवाज खाली आणून, "मंगळवारी पार्टी आहे. तोंड बंद ठेव. खुर्ची आहे ना पाहिजे?"

शीतल मॅडम खिडकीजवळ पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी विश्वास ठेवला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

धुऊन घरी आले. जळत होतं. रिठे भिजत घातले नाहीत. कोरफडीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आता मंगळवारपर्यंत डावी बाजू कंपनीची. घ्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते आजच लिहायचं.

सकाळी शीतल मॅडमनी धुतलं. चार दिवसांत डावी बाजू रखरखीत झालीच होती. सर म्हणाले, जरा चकाकीचं काहीतरी लाव तिला. मी डोकं मागे घेतलं. "नाही सर. पॅनलचा नियम आहे. शॅम्पूशिवाय काही नाही." नियम त्यांचाच होता.

फोटोवाल्याने पाठीमागून फोटो काढले. ओले केस लांबून सगळे सारखेच काळे दिसतात. सर खूश झाले. म्हणाले, झालं, जा आता पॅकिंगला, पार्टी जेवून येईल तेव्हा फोटोच दाखवू.

मी खुर्चीत बसले. तीच ती पंख्याखालची खुर्ची.

"जा म्हटलं ना."

"मी जाणार नाही. तुम्ही त्या पहिल्या शुक्रवारनंतर माझं डोकं धुण्याआधीच बघितलंत, धुतल्यावर टोपी घालून पाठवून दिलंत. आज धुतल्यावर बघा. मी इथेच बसते. घरी गेले नाही म्हणजे रिठ्याचा प्रश्न नाही, बोअरच्या पाण्याचा प्रश्न नाही. काय होईल ते तुमच्या पंख्याखाली होईल."

सर ओरडले. सिक्युरिटीला बोलावतो म्हणाले. मी म्हटलं, बोलवा, त्यालाही बघू दे. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. मनात येत होतं, बारकूच्या एकट्याच्या कामावर घर चालेल का, आक्कांच्या गोळ्यांचं काय. पण उठले नाही. हट्टी आहे मी, माहेरी सगळे म्हणायचे, आज त्या हट्टाचा उपयोग झाला.

सर हात उगारल्यासारखे पुढे आले तेव्हा शीतल मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. आवाज बारीक होता, पण म्हणाल्या, "सर, बसू द्या त्यांना. पॅनलवरच्या बाईला बसायला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नाही."

जळायला लागलं. मी कधी नव्हे ते त्या जळण्याची वाट बघत होते. ये बाई लवकर, पार्टी यायच्या आत ये.

जेवणाची सुट्टी झाली. दारातून चंदा आत आली आणि तिच्यामागे, मला वाटलंच नव्हतं, गुड्डी. पॅकिंगमध्ये बातमी पोचली होती. दोघी सरळ माझ्याजवळ आल्या. टोप्या काढल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंना खाली फरशीवर बसल्या.

पार्टी आली. चांगल्या साडीतली एक बाई आणि दोन माणसं. सर घाईघाईने फोटो दाखवायला लागले. मी म्हटलं, "बाई, फोटो पाठीचा आहे. डोकं इथे आहे." आणि मान खाली घातली. दोन बोटांनी भांग फाकवून धरला. माझ्या शेजारी चंदाने मान खाली घातली, आणि मग गुड्डीने. ज्या डोक्यासाठी ती घरातसुद्धा ओढणी घेत होती, ते तिने परक्या माणसांसमोर पुढे केलं.

मला फक्त फरशी दिसत होती आणि त्या बाईंच्या चपला. चपला जवळ आल्या. थांबल्या. मग त्या बाई म्हणाल्या, "हे तिघींना डावीकडेच कसं काय?"

सर म्हणाले, "मॅडम, या बायकांनी नियम मोडलेत, घरी काहीबाही लावतात..."

"दोघींनी काही नाही लावलं," मी खालूनच म्हटलं. "नियम मी एकटीने मोडला. म्हणून तर माझेच केस चांगले होते. ज्यांनी नियम पाळला त्यांची डोकी बघा."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पार्टीने माल पास केला नाही. थांबवलाय. कायमचा की थोडे दिवस, ते आम्हाला कोण सांगणार? पण पुड्या निघाल्या नाहीत.

मला पॅनलवरून काढलं. खुर्ची गेली. पुन्हा पट्ट्यासमोर, आणि सगळ्यात टोकाला, जिथे सील मारायच्या मशीनची धग लागते. कामावरून काढलं नाही, कारण पार्टीच्या बाईंनी जाताना माझं नाव विचारून घेतलं होतं म्हणे. बारकूने सगळं ऐकलं, ताट पुढे ओढलं. मग म्हणाला, "मीठ घातलंय का आज भाजीत?" त्याचं प्रेम असंच असतं, शोधावं लागतं.

गुड्डी रात्री आली. काळं पाणी गाळताना बघत बसली. मी म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "पहिले ही सांगायला पाहिजे होतं दीदी. मी नसतं बोलले कुणाला." मला ते खरं वाटलं आणि म्हणूनच जास्त लागलं. तिचं पूर्ण डोकं धुऊन दिलं, दोन्ही बाजू. कानावरच्या जागेला केस यायला वेळ लागेल. बघायला येणार आहेत तोपर्यंत नाही येणार. तिने भावाला सांगून टाकलंय, ओढणी घेणार नाही, जे आहे ते बघा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रमाकांत सर पॅकिंगमध्ये आले. पट्टा थांबवला. म्हणाले, शॅम्पूत सुधारणा केली आहे, नवीन पॅनल घ्यायचंय. खुर्ची आहे, पंखा आहे, चहा मिळेल. कोण येतं, हात वर करा.

एकही हात वर गेला नाही. एवढ्या बाया, आणि मशीन बंद असल्यामुळे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्यासुद्धा ऐकू आल्या.

मग मी हात वर केला. सरांना घाम फुटला असेल. म्हटलं, "मी येते सर. सगळ्या येऊ. घरी काही लावणार नाही, शब्द देते. पण आमच्या डोक्यावर काय दिसतं ते आमच्यातली एक बाई लिहिणार. धुण्याआधी आणि धुतल्यावर, दोन्ही वेळा."

"असं कुठे असतं का?" सर म्हणाले.

"नसेल. मग तुमच्या डोक्यावर लावून बघा."

सर गेले. पट्टा सुरू झाला. मला वाटलं, आता उद्या गेटवरूनच परत पाठवतील. चंदा म्हणाली, पाठवू दे, सगळ्याच परत जाऊ.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी शीतल मॅडम आल्या. हातात शेऱ्यांची नवी वही आणि पेन. सर बरोबर नव्हते. माझ्यापर्यंत न येता अलीकडे गुड्डीसमोर उभ्या राहिल्या. गुड्डीने टोपी काढली होती, धगीमुळे. मॅडमनी कानावरच्या त्या विरळ जागेकडे बघितलं. या वेळी सरांकडे बघायला सर नव्हतेच.

"अक्षर कसं आहे तुझं?" मॅडमनी विचारलं.

गुड्डीने हात कपड्याला पुसले, पेन घेतलं आणि म्हणाली, "सरांना वाचता येईल इतकं आहे, मॅडम."